धुरी सर आणि पाचवी ब

शाळेसाठी मुलं आणायला म्हणून धुरी सर वस्तीत जात आणि आमच्याकडे यायला निघालेलं एखादं मूल दुसऱ्याच शाळेत घालून परत येत. या कामाचा त्यांच्याइतका अनुभव शाळेत कोणालाच नव्हता. इंग्रजी माध्यमाने आपलं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं एकट्या धुरींनी केलं, असं आमच्या मुख्याध्यापिका लिमयेबाई म्हणत. त्या हे हसून म्हणत नसत.

शाळा मुलुंड पश्चिमेला, आग्रा रोडवरच्या कारखान्यांच्या मागे, डोंगराच्या बाजूला होती. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. वस्तीतली मुलं महापालिकेच्या शाळेत चौथी पास झाली की दाखला घेऊन कुठल्या ना कुठल्या हायस्कुलात जायची, आणि ती आपल्याच हायस्कुलात यावीत म्हणून एप्रिलच्या शेवटी सगळ्या मराठी शाळांचे शिक्षक दारोदार फिरायचे. घाई असायची, कारण वस्ती बहुतेक कोकणातली. मे लागला की अर्धी वस्ती एसटीत बसून गावी, ती शाळा उघडायच्या सुमाराला परत. त्याआधी दाखला हातात यायला हवा. ज्याच्या हातात दाखला त्याचं मूल, असा न लिहिलेला कायदा होता. पलीकडची एक शाळा दाखल्याच्या बदल्यात कंपासपेटी द्यायची. चेकनाक्याकडची एक शाळा छत्री द्यायची. आमच्या शाळेकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून आम्ही धुरी सरांना पाठवायचो.

मी तिथे लागले ती गिरण्यांच्या संपानंतर दोनेक वर्षांनी. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. संप मिटला की नाही हे त्यांना कोणी नीट सांगितलं नाही, पण परत कामावर बोलावणं आलं नाही एवढं खरं. भांडुपच्या आमच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून ते दिवसभर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले विचारत. भाऊ डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता. घरात पगार एक, तो माझा, आणि माझी नोकरीही अजून कायम झालेली नव्हती. पटावर पुरेशी मुलं नसली तर तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की शेवटी लागलेला शिक्षक घरी जातो. आमच्याकडे पाचवीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या होत्या आणि शेवटी लागलेली मी होते. लिमयेबाईंनी हे मला फार थोडक्यात समजावलं.

"पाचवी ब म्हणजे तुम्ही, सावंतबाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला धुरी सरांच्या जोडीला दिलं. वस्तीत त्यांना पाहून दारं उघडतात, तेव्हा त्यांना न्यायलाच हवं. पण एकदा दार उघडलं की त्यांना बोलू द्यायचं नाही, बोलायचं ते तुम्ही, अशी सूचना मिळाली. नोकरीतली ही माझी पहिली जबाबदारी आणि ती मला एकदाही पार पाडता आली नाही.

सर भूगोल शिकवत आणि वाईट शिकवत. मेलेल्या माणसाबद्दल बरंच बोलावं म्हणतात, पण त्यांना स्वतःला ते पटलं नसतं. महाराष्ट्रातल्या नद्या ते मुंबईहून मालवणला जाणारी एसटी ज्या क्रमाने ओलांडते त्या क्रमाने शिकवत. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, करत करत गड नदीपर्यंत पोचले की त्यांच्या मते राज्य संपत असे. आमच्या मुलांना जगबुडीचा पूल झोपेतही सांगता यायचा आणि गोदावरी ही मुलगी आहे असं त्यांच्यातल्या काहींना दहावीपर्यंत वाटायचं. अंगात पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, एप्रिलच्या उन्हातही काखेत छत्री. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी. वस्तीतल्या घराचा उंबरा ओलांडला किंवा डोकं फिरलं की मात्र मालवणी.

पहिल्याच दिवशी आम्ही राणे नावाच्या एका कामगाराच्या घरी गेलो. राण्यांनी दाखला घडी घालून खिशात तयारच ठेवला होता. मी शाळेबद्दल पाठ केलेलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मुलाला विचारलं, "काल दोपारी काय केलंस?"

हा त्यांचा एकमेव प्रश्न. मार्क किती, आवडता विषय कोणता, मोठा होऊन कोण होणार, असलं काही ते विचारत नसत. "मार्क सगळेच सांगतत. दोपार कोण सांगना नाय," असं त्यांचं म्हणणं. सकाळी मूल शाळा सांगेल ते करतं आणि संध्याकाळी आई सांगेल ते. दुपारी घरातली माणसं कामावर किंवा झोपलेली असतात, तेव्हा ते जे करतं ते त्याचं स्वतःचं. विचारून झालं की ते उत्तर संपेपर्यंत ऐकत. मूल अडखळलं तर मदत करत नसत. मोठ्या माणसांनी मधे तोंड घातलं तर बशी पुढे करून आणखी थोडा चहा मागत.

राण्यांच्या मुलाने काल दुपारी शेजारणीचं शिवणाचं मशीन खोललं होतं. परत जोडल्यावर एक स्क्रू उरला आणि मशीन आधीपेक्षा बरं चालायला लागलं. तो स्क्रूही त्याने दाखवला. सरांनी तो बराच वेळ हातात धरून पाहिला, आणि मग राण्यांना सांगितलं की याला आमच्याकडे घालू नका, स्टेशनच्या पलीकडे तांत्रिक शाळा आहे, तिथे आठवीपासून वर्कशॉप असतं, आत्ताच पाचवीला तिकडे घातलात तर आठवीला जागा पक्की. मी खोकले. लिमयेबाईंची सूचना मला दुसऱ्या कुठल्या रीतीने पाळता येईना. सरांनी पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि राण्यांना तांत्रिक शाळेच्या बसचा नंबर सांगितला.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, सर, दाखला त्यांच्या खिशातून बाहेर आला होता.

"आपल्याकडे वर्कशॉप आहे?" सरांनी शुद्ध मराठीत विचारलं.

"नाही."

"मग?"

हा "मग" लिमयेबाईंच्याही वाट्याला येई. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं करून किती दाखले मिळाले विचारलं, आणि धुरी सरांनी कोणकोणतं मूल कुठल्या शाळेत शोभेल याचा सविस्तर वृत्तान्त दिला. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला. ऐकताना त्या टेबलावरची टाचणी टाचण्यांच्या उशीत रुतवत आणि उपसत होत्या.

तरी त्यांच्यामुळे मुलं मिळायचीच नाहीत असंही नाही. कधीकधी ती अपघाताने मिळत. एका घरी नवरा-बायकोंनी विचारलं की सगळे इंग्लिश मीडियमला टाकतायत, आम्ही टाकू का. तेव्हा घरोघरी हाच विषय होता. सरांनी विचारलं, "तुमी दोघां भांडतास कसल्या भाषेत?" बायको म्हणाली, मालवणीत, आणखी कसल्या. "आणि पोर मधी पडता तेव्हा?" तेव्हाही मालवणीतच. "मगे तेका मराठीत घाला. मालवणीची शाळा कोणी काढूक नाय, म्हणान मराठी," सरांनी निकाल दिला. नवरा हसला आणि दाखला आमच्या हातात आला. मी खूश झाले. पुढच्याच गल्लीत एक जोडपं निघालं, बायको अलाहाबादकडची. ती म्हणाली, आमची भांडणं हिंदीत होतात. सरांनी त्यांना हिंदी शाळेचा पत्ता दिला.

दहावीचा निकाल लागला की हाच माणूस सगळ्या वस्तीला लागे. सरांची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्या आठवड्यात धुरीवहिनी भांड्यांच्या फळीखाली जेवत, कारण बाकीच्या घरात आईबाप बसलेले असत. आमच्या मुलांपुढे तेव्हा वाटा थोड्या होत्या आणि त्या थोड्याही लोकांना ठाऊक नव्हत्या. शिक्षण म्हणजे अकरावी, अकरावी म्हणजे सायन्स, आणि सायन्स नाही मिळालं तर वाट लागली, एवढंच गणित. आयटीआय म्हटलं की आईचा चेहरा पडे. सर तिला समजावत की तुझ्या नवऱ्याला गिरणीने दोन ओळींत घरी पाठवलं, पण चांगल्या टर्नरला कोणी सहजासहजी घरी पाठवत नाही. कोणाला ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात चालणाऱ्या प्रशिक्षणाला अर्ज करायला लावत, कोणाला डी.एड., कोणाला दिवसा नोकरी धरून रात्रीचं कॉमर्स. मालाडहून एकदा एक काका आपल्या पुतण्याला घेऊन आले होते. मुलाला चांगले मार्क होते, इंजिनिअरिंगचं घरात ठरलेलं होतं. काल दुपारी काय केलंस विचारल्यावर मुलाने सांगितलं की आजोबांना भेटायला त्यांचे भाऊबंद आले होते, त्यांचं जमिनीवरून भांडण चाललं होतं, ते तो ऐकत बसला. मग त्याने ते भांडण सगळं सांगितलं, दोन्ही बाजूंनी. सर म्हणाले, हा वकील आहे. काका चहा न घेता उठून गेले.

कधीकधी सर चुकतही. शेवंता नावाची आमची एक विद्यार्थिनी दुपारभर अंथरुणावर पडलेल्या आजीचं करायची, म्हणून सरांनी तिला नर्सिंगला पाठवलं. दोन महिन्यांत ती पळून घरी आली. तिला आजीची माया होती, आजाऱ्यांची नव्हती, हे सरांच्या लक्षात आलं नव्हतं. ते स्वतःहून तिच्या घरी गेले, शेवंताची आई जे जे बोलली ते मान खाली घालून ऐकलं, आणि म्हणाले, "चुकलंय मी. आता परत इचारतंय. काल दोपारी काय केलंस?" शेवंता म्हणाली, झोपले. सरांनी तिला आणखी काही दिवस झोपू द्यायला सांगितलं. मला हे हसू येण्यासारखं वाटलं होतं. पण चुकलंय मी, असं पालकांच्या दारात जाऊन सांगणारा दुसरा शिक्षक मला त्यानंतर भेटलेला नाही, आणि मी स्वतःही तसं फारसं कधी केलेलं नाही.

त्या वर्षी जून उजाडला तेव्हा पाचवी ब भरायला एक मूल कमी पडत होतं. राण्यांचा मुलगा आला असता तर प्रश्नच नव्हता, हे लिमयेबाई मला रोज सांगत. धुरी सरांना सांगून उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. वस्ती गावाहून परत आली होती आणि सगळ्या शाळांनी ती पुन्हा एकदा चाळून काढली होती. घरी वडिलांनी एक दिवस सहज विचारावं तसं विचारलं, तुझं ते तुकडीचं झालं का गं. ते माझ्याकडे न बघता विचारत होते. मी म्हटलं, होईल. रात्री आईने मला भाकरी जास्त वाढली आणि मला तिचा राग आला.

शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी सर मला म्हणाले, वरच्या अंगाला घाडी म्हणून आहेत, त्यांच्या मुलीचं अजून कुठे ठरलेलं नाही. एवढी पायपीट त्यांनी आपण होऊन काढावी याचं मला नवल वाटलं. आम्ही डोंगराच्या पायऱ्या चढून गेलो. घाडी रंगाच्या कारखान्यात होते, त्या वर्षी रजा न मिळाल्यामुळे गावी गेलेच नव्हते. मुलीचं नाव मंदा. चौथी कशीबशी पास झालेली. आईने दाखला आणून सरांच्या हातात दिला आणि मुलीच्या देखत सांगितलं की डोक्याने जरा कमी आहे, हाक मारली तरी येत नाही, हट्टी आहे, पण अक्षर बघा. अक्षर खरंच फार सुंदर होतं.

सरांनी मुलीला समोर बसवलं आणि आपला प्रश्न विचारला. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. म्हणाली, कपडे वाळत घातले, मग पोरांचा खेळ बघत बसले. तिचा आवाज जरा मोठा होता आणि शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या. सर उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर बघत, तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "तू खेळलंस कित्याक नाय गो?"

मंदा त्यांच्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली. आई म्हणाली, "बघा, ही अशी."

सर वळले. तेवढ्याच आवाजात तेच वाक्य पुन्हा म्हणाले. या खेपेला मंदाने लगेच सांगितलं, "माझ्यावर राज्य आलेला माका कळना नाय. मगे पोरां हसतत."

मला कळलं होतं. सरांना कळलं होतं हे तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते बोलणार, नेहमीसारखे बोलणार, आणि पाचवी ब संपणार, म्हणून मी मनातल्या मनात पदर खोचून बसले. खोकण्याचा विचारही आला. आमच्या शाळेत एका वर्गात साठ-सत्तर मुलं बसत. तिथे ही मुलगी मागच्या बाकावर बसून सुंदर अक्षरात फळा उतरवून काढणार आणि दहावीपर्यंत ढ म्हणवून घेणार, हे मला दिसत होतं. आणि मला दारातल्या खुर्चीवर बसलेले वडीलही दिसत होते.

सरांनी दाखला पिशवीत टाकला. "बरां," ते म्हणाले, "सोमवारी शाळा उघडता. येवा." आणि छत्री उचलून उठले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला उठायचं होतं. चपला दाराशीच होत्या, त्या पायांत सरकवल्या की झालं. एप्रिलपासून मला या माणसाने गप्प बसावं असं सांगितलं गेलं होतं, आणि आज ते गप्प बसले होते, आणि मला ते मुळीच सहन होईना. मी घाडीवहिनींना म्हटलं, हिला आमच्या शाळेत घालू नका. हिला ऐकू कमी येतं. ती तोंडाकडे बघून बोलणं ओळखते. आधी मोठ्या इस्पितळात कान तपासून घ्या, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत, तिथे त्यांना नीट शिकवतात. मी भराभर बोलले, थांबले असते तर बोलले नसते.

वहिनी म्हणाल्या की कानात मी रोज तेल घालते. घाडी इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते. ते मला विचारायच्या ऐवजी सरांना म्हणाले, "म्हणजे आमचां चेडू ढ नाय?"

सरांनी पिशवीतून दाखला काढून पलंगावर ठेवला. "नाय," ते म्हणाले. "ढ नाय." घाड्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला लागले. ती गोंधळून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

पायऱ्या सर माझ्या पुढे भराभर उतरले. खाली नळापाशी येऊन थांबले आणि माझ्यावर असे चिडले की पाणी भरणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "तुमका बोलूक कोणी सांगितल्यान?" मी म्हटलं, सर, तुम्हीच तर नेहमी. "माझी गोष्ट येगळी," ते म्हणाले. "माझी नोकरी पक्की आसा. मी काय्येक बोललंय तरी माका कोण घरी धाडूक शकना नाय. खरा बोलूचा ता पक्क्या नोकरीवाल्यान. तुमचो बापूस घरात बसलो आसा. तुमी कित्याक बोललास?"

असं मला आजवर कोणी सुनावलेलं नाही. शाळेत आम्ही सगळे ज्याला त्यांचा स्वभाव समजत होतो, त्याच्या पाठीशी एक कायम नोकरीचा आदेश आहे हे त्यांना स्वतःला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत असावी. पुढे ते म्हणाले की खात्याची पटाची तपासणी जुलैअखेर होते, ती झाली की मी स्वतः येऊन घाड्यांना सगळं सांगणार होतो, दीड-दोन महिन्यांचाच तर प्रश्न होता. ते खरंच तसं करणार होते की नळापाशी उभं राहून त्यांना ते सुचलं, हे मला कळलेलं नाही. मी म्हटलं, दोन महिने ती मागच्या बाकावर बसली असती. सर म्हणाले, पुढच्या बाकावर बसवली असती. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढून ते तो बुशशर्टाच्या टोकाला पुसत राहिले. मीही रडले. बायकांनी आमच्यासाठी नळ मोकळा केला आणि आम्ही दोघांनी तोंडं धुतली.

पाचवी ब बंद झाली. लिमयेबाईंनी मला निरोप देताना नारळ दिला आणि तुमच्यात शिक्षकाचे गुण आहेत असं सांगितलं. त्या बाईंना वाईट वाटत होतं, पण त्यांच्या हातात नारळापलीकडे काही नव्हतं. ते वर्ष वाईट गेलं. मी शिकवण्या केल्या, भावाने डिप्लोमा अर्धा सोडायची भाषा काढली आणि वडिलांनी त्याच्यावर हात उगारला, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. धुरी सर शनिवारची शाळा सुटली की माझ्यासाठी शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन बसत. तिथल्या साहेबांना ते पसंत पडले असावेत असं वाटत नाही.

मंदाचे कान तपासायला तिची आई एकटी जायला घाबरत होती, म्हणून मी बरोबर गेले. मग शाळा बघायलाही गेले. तिथे कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम होता. अशी काही वाट असते हे मला, बी.एड. झालेल्या बाईला, माहीत नव्हतं. मी सरांना विचारलं, करू का. मला वाटलं, ते आता मलाही दुपारचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "करा. तिकडे तुकड्या लहान असतात." मी तो अभ्यासक्रम केला आणि पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच कामात राहिले. मंदा माझ्या वर्गात कधी नव्हती. ती शिकली, छापखान्यात लागली, तिथल्याच एकाशी तिने लग्न केलं आणि मला पत्रिका पाठवली.

सर निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच गेले. बातमी आम्हाला उशिरा कळली. शाळेने शोकसभा ठेवली. सभागृह भरलं होतं, त्यातली निम्मीअधिक माणसं आमच्या शाळेत कधी शिकलीच नव्हती. ती त्यांनी दुसरीकडे घातलेली मुलं होती. एकामागून एक उठून सगळे सांगत होते की धुरी सर कोणाची भीडभाड न ठेवता खरं बोलायचे, स्वतःच्या शाळेचं नुकसान झालं तरी खरं बोलायचे. लिमयेबाई पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. शेवटी कोणीतरी माझं नाव घेतलं. मला सभेत बोलायची सवय नाही. मी उभी राहिले आणि ते घाड्यांच्या घरी एकदा गप्प बसले होते, ते सांगितलं.

खाली बसले तेव्हा सभेत जरा चुळबूळ झाली. शोकसभेत सांगायची ही गोष्ट नव्हे असं काहींना वाटलं असणार, आणि कदाचित ती नव्हतीही. पण खरं बोलणारी माणसं मला पुढे पुष्कळ भेटली. माझ्यासाठी गप्प बसलेला माणूस तो एकच.